तिसऱ्या कडव्यावरचा अभिप्राय

आमच्या घराण्यात शेरे मारण्याची परंपरा तीन पिढ्यांची आहे. आजोबांनी निजामाच्या अमदानीत कचेरीतल्या कागदांवर उर्दूत शेरे मारले. वडिलांनी सचिवालयात इंग्रजीत मारले. मी तीस वर्षं वडिलांचाच कित्ता गिरवला आणि निवृत्त झाल्यावर मराठी कवितांवर शेरे मारू लागलो. राजपत्रित अधिकाऱ्याला हिरव्या शाईचा मान असतो. निवृत्तीबरोबर गाडी गेली, शिपाई गेला, पण शाईची बाटली कुणी परत मागितली नाही. तेव्हा हैदराबादेतल्या मराठी साहित्यावर हिरवे शेरे पडू लागले, याला जबाबदार सरकारच आहे.

काचीगुड्यात स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर एक जुनं मराठी वाचनालय आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी अकरा वाजता आम्ही आठ-दहा जण जमतो आणि एकमेकांच्या कविता-कथा ऐकतो. या शहरात मराठीत लिहिणारे निम्मे लोक तिथं असतात. वाचणारे तर सगळेच.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथं शिस्त म्हणून नव्हती. कुणी कविता वाचली की बाकीचे "वा" म्हणायचे आणि चहा यायचा. हैदराबादच्या माणसाला तोंडावर वाईट बोलणं जमतच नाही. तुमच्या घरचा उपमा करपला तरी तो "आज जरा वेगळा वास आहे" असं म्हणून दुसऱ्यांदा वाढून घेईल. साहित्याचं असं चालत नाही, हे मी सगळ्यांना समजावलं आणि नियम केले. लिहिणाऱ्यानं वाचून झालं की खिडकीजवळच्या लोखंडी खुर्चीवर बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. बाकीच्यांनी क्रमानं अभिप्राय द्यायचा. आधी एक गुण, मग एक दोष, मग एक उपाय. सगळ्यात शेवटी मी. ते झालं की लिहिणाऱ्यानं "आभारी आहे" एवढंच म्हणून उठायचं. स्पष्टीकरण नाही, वाद नाही.

दोष आणि उपाय माझ्याकडे भरपूर होते. पंचाईत व्हायची ती गुणाची. एका चार ओळींच्या कवितेला मी "लांबी योग्य आहे" असा गुण दिला होता. माधापूरच्या कुठल्याशा कंपनीत काम करणारी एक मुलगी यायची. ती मराठी कविता इंग्रजी अक्षरांत मोबाइलवर लिहून आणायची आणि अडखळत वाचायची. तिला मी "आधुनिक साधनांचा चांगला उपयोग" हा गुण दिला.

"थँक्यू अंकल," ती खुर्चीवरूनच म्हणाली, "पण पोएम कशी होती?"

तिला मी नियम पुन्हा समजावून सांगितला.

आमच्यातले सगळ्यात जुने म्हणजे तारनाक्याचे कवी. रेल्वेत जन्म घालवलेला, सरळ मनाचा माणूस. त्यांची 'सिग्नल' नावाची अकरा कडव्यांची कविता होती. आडगावच्या स्टेशनावर एकटा राहणारा एक माणूस न थांबणाऱ्या गाड्यांना हिरवा दिवा दाखवत राहतो, असा तिचा विषय. ती त्यांनी पाच वर्षांत सात वेळा आणली. दर वेळी माझे उपाय नेकीनं अमलात आणलेले असायचे आणि दर वेळी कविता आधीपेक्षा वाईट झालेली असायची. मी मग नवे उपाय सुचवायचो. याला मी विधायक टीका म्हणत असे.

त्या लोखंडी खुर्चीवर मी स्वतः कधी बसलो नव्हतो. परीक्षकानं पेपर सोडवायचा नसतो, अशी माझी समजूत. पण घरी मी एक कथा लिहीत होतो. तीन वर्षं लिहीत होतो आणि ती एकाच वाचकासाठी होती. माझी थोरली बहीण, नांदेडला असते.

आई गेल्यावर वडील तिच्याकडे राहायला गेले. आमच्या फ्लॅटची लिफ्ट सारखी बंद असते, हे त्यांनी सांगितलेलं कारण. खरं कारण असं की नांदेडला खिडकीतून मराठी भांडणं ऐकू येत. चार वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी ताईचा फोन आला, "बाबांचं काही खरं दिसत नाही. निघ." दुपारच्या नांदेडच्या गाडीनं निघतो म्हणालो. त्या गाडीनं मी गेलो नाही. रात्रीच्या गाडीनं गेलो आणि पहाटे पोचलो तेव्हा बाबांना जाऊन दहा तास झाले होते. ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि डोळ्यांसमोर गाडी सुटली, असं मी ताईला सांगितलं. ती म्हणाली, "बाबांनी दोनदा विचारलं, बसला का गाडीत? मी सांगितलं, बसलाय."

त्यानंतर त्या विषयावर ती एक शब्द बोलली नाही. दुसऱ्याही कुठल्या विषयावर फारसं बोलली नाही. दिवाळीला फोन व्हायचा, "बरं आहे ना," "बरं आहे." भाऊबीजेला तिनं बोलावलं नाही आणि मी गेलो नाही. लहानपणी जिनं मला पाठीवर घेऊन शाळेत पोचवलं, ती बहीण मला परकी झाली होती. मला ते सहन होत नव्हतं, हे इथं सरळच सांगतो. तोंडानं बोलायची छाती नव्हती, म्हणून कथा लिहायला घेतली. कथा चांगली उतरली तर ताईला पाठवायची, ती वाचील आणि मग फोन करील, असा माझा हिशेब होता.

या सुमाराला आमच्या बैठकीला एक बाई येऊ लागल्या; सगळे त्यांना वहिनी म्हणत. बेगम बाजारात त्यांचं मिरची-मसाल्याचं ठोक दुकान. मूळचं घर लातूरकडचं, शेतीवाडीचं. आता दोन पिढ्या इथं. नवरा गेल्यापासून दुकान त्याच बघतात. त्या काही लिहीत नव्हत्या. "ऐकायला येते, चालेल ना?" एवढंच त्यांनी विचारलं होतं. पण नियम म्हणजे नियम, त्यामुळे पहिल्याच बैठकीत अभिप्रायाची पाळी त्यांच्यावर आली.

"मला गुण-दोष नाही कळत, साहेब," त्या म्हणाल्या. "माझं ध्यान कुठं गेलं, ते सांगू का?"

"म्हणजे?"

"ऐकता ऐकता माझं मन निघून जातं कुठं तरी. ह्यांनी पावसाचं वाचलं तिथपर्यंत मी होते इथं बराबर. मग ते 'हे मानवा' म्हणायला लागले की मी गेले दुकानात. तिखटाची चक्की रिपेरला दिली, तो माणूस आला का नाही, ते बघून आले. परत आले तर कविता संपायला लागली होती."

सगळे हसले. मी हसलो नाही. गुण नाही, दोष नाही, उपाय तर नाहीच. याला अभिप्राय कसं म्हणायचं? पण त्यांनी आपला धर्म सोडला नाही. दर महिन्याला त्या तेवढंच सांगायच्या, की कुठपर्यंत होते, कुठं गेले, कधी परत आले. एखाद्या कथेत त्या दोन पानं धने निवडत बसायच्या. एकदा एका कवितेच्या सुरुवातीलाच सुनेच्या डोहाळजेवणाला गेल्या आणि शेवटपर्यंत परतल्याच नाहीत. आणि वाईट गोष्ट अशी की लोक पुढच्या महिन्यात नेमकी तीच जागा दुरुस्त करून आणायचे. माझ्या हिरव्या शेऱ्यांचे कागद मला एकदा जिन्याखाली सायकलच्या ओल्या सीटवर अंथरलेले दिसले. माधापूरची मुलगी तर वाचून झालं की माझ्याकडे न बघता विचारायची, "वहिनी, कुठं गेला होता?"

"आज नक्को कुठं गेले," वहिनी एकदा म्हणाल्या. "आज इथंच होते मी पूरा टाइम."

कविता त्या मुलीच्या हॉस्टेलच्या खोलीतल्या बंद पंख्यावर होती. मला अजिबात आवडली नव्हती. पण खरं सांगायचं तर माझंही लक्ष कुठं गेलं नव्हतं.

शेवटी गेल्या हिवाळ्यात माझी कथा पुरी झाली. घडी घालून पाकिटात घातली, पत्ता लिहिला आणि पोस्टात टाकायचा धीर होईना. ताईला पाठवण्याआधी एकदा चार लोकांत वाचून बघावी असं वाटलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा साहेब खुर्चीवर बसणार म्हटल्यावर त्या रविवारी पाच माणसं जास्त आली. मी स्वच्छ धुतलेला शर्ट घालून गेलो.

कथा अशी होती. सकाळी बहिणीचा फोन येतो. मुलगा पिशवी भरून घराबाहेर पडतो. रस्त्यात मिरवणूक, रिक्षा अडकते. तो उतरून पळत सुटतो. स्टेशनच्या पायऱ्यांवर चप्पल तुटते. अनवाणी तो फलाटावर पोचतो तेव्हा गाडी हललेली असते. तो शेवटच्या डब्यामागे धावतो, हात पुढे करतो, आणि डबा लहान लहान होत जातो. तिकडे वडील विचारतात, बसला का गाडीत? बहीण म्हणते, बसलाय. फलाटावर पळण्याचं दृश्य मी अडीच पानं लिहिलं होतं आणि ते वाचताना माझा स्वतःचाच आवाज दाटून आला.

वाचून झाल्यावर खुर्चीवर जाऊन बसलो. तिचा एक पाय आखूड आहे, हे इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

अभिप्राय सुरू झाले. काय सांगू, मन भरून आलं. अनवाणी धावण्याचं चित्रण अप्रतिम, असं एकानं सांगितलं. चपलेचा तपशील फार बोलका, असं दुसऱ्यानं. दोष म्हणून शुद्धलेखनाची एक चूक निघाली. तारनाक्याच्या कवींची पाळी आली तेव्हा ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"गाडीची वेळ बरोबर आहे," ते म्हणाले आणि खाली बसले.

मग वहिनी. "वाईट नका वाटून घेऊ, साहेब. तो पिशवी भरतो तिथपर्यंत मी होते. तो पळायला लागला अन् मी गेले दुकानात. आज गुंटूरचा माल उतरणार होता, पोत्यांना ओल तर नाही ना, म्हणून एक-एक पोतं हात लावून बघितलं. बरंच पळाला तो, मला बराच वेळ मिळाला. परत आले ते वडिलांनी विचारलं तेव्हा. बहीण 'बसलाय' म्हणाली ना, तिथं होते मी. माझ्या अंगावर काटा आला. बस, एवढंच."

मला उठून सांगायचं होतं की बाई, ते अडीच पानांचं दृश्य या कथेचा प्राण आहे. पण खुर्चीवर बसलेल्यानं बोलायचं नाही असा नियम होता आणि तो करणारा दुसरा कुणी नव्हता. "आभारी आहे," मी म्हणालो.

खरं तर ते पळणं मी बनवलेलं होतं. मी पळालोच नव्हतो. मिरवणूक नव्हती, रिक्षा अडकली नव्हती, चप्पल आजतागायत शाबूत आहे. पिशवी भरली होती, तेवढं खरं. आणि "बसलाय" हे खरं. ज्या बाईला यातलं काहीही माहीत नव्हतं, ती बरोबर खऱ्या दोन जागी हजर राहिली होती आणि खोट्यात मिरच्या बघायला निघून गेली होती.

घडलं होतं ते असं. ताईचा फोन आला तो दुसरा रविवार होता. गाडीला अवकाश होता आणि स्टेशन वाचनालयापासून पाच मिनिटांवर. घरी बसून काय करायचं, तोवर बैठकीत जाऊन येऊ, असं म्हणून मी पिशवी घेऊन तिथं गेलो आणि ती टेबलाखाली ठेवली. त्या दिवशी 'सिग्नल' सहाव्यांदा आली होती. तिसरं कडवं मुळीच नको, असं माझं म्हणणं होतं आणि का नको ते मी सांगत होतो. सगळे माना डोलावत होते. खिडकीतून नांदेडच्या गाडीची घोषणा ऐकू आली, आधी तेलुगूत, मग हिंदीत, मग इंग्रजीत. तिन्ही भाषा मला चांगल्या येतात. एवढा मुद्दा संपवतो आणि निघतो, असं मनात म्हणालो. मुद्दा फार चांगला चालला होता. तो संपला तेव्हा गाडी गेली होती.

माझा बाप तिकडे "बसला का" म्हणून विचारत होता आणि मी एका कवितेतून चार ओळी काढत होतो. कसली चप्पल आणि कसलं काय. लाज वाटते, एवढंच म्हणतो. याहून चांगला शब्द शोधायला गेलो तर पुन्हा अडीच पानं होतील.

बैठक संपल्यावर जिना उतरताना तारनाक्याचे कवी माझ्याबरोबर आले. खालच्या पायरीवर थांबले.

"साहेब, त्या दिवशी तुमची पिशवी मी बघितली होती. टेबलाखाली. तुम्ही आल्या आल्या म्हणाला होता, नांदेडला जायचंय, वडील बरे नाहीत."

मला आठवतच नव्हतं, की मी तसं कुणाला म्हणालो होतो.

"गाडी लागल्याचं मला कळलं होतं," ते म्हणाले. "रेल्वेत चाळीस वर्षं काढली, मला नाही कळणार? तुम्हाला उठवायला पाहिजे होतं. पण तुम्ही माझ्या कवितेवर बोलत होता. इतका वेळ कुणी बोललं नव्हतं कधी तिच्यावर. मला वाटलं, अजून दोन मिनिटं बोलू दे."

त्यांच्यावर रागवावं असं एक क्षण वाटलं. कुणावर तरी रागावलो असतो तर बरं वाटलं असतं.

"तिसरं कडवं काढलंत का शेवटी?" मी विचारलं.

"नाही," ते खाली बघत म्हणाले. "काढावंसं वाटलं नाही."

घरी येऊन मी कथा टेबलावर ठेवली आणि सवयीनं शेरा लिहायला पेन उघडलं. गुण, पिशवी. दोष, पुढचं सगळं. उपाय मात्र सुचेना. एरवी सगळ्या हैदराबादला उपाय सांगणारा मी, दोन दिवस तसाच बसून राहिलो. तिसऱ्या दिवशी अडीच पानं फाडली आणि त्या जागी काय झालं होतं ते लिहिलं: टेबल, पिशवी, कडवं, तीन भाषांतली घोषणा. पाऊण पान झालं. अलंकार एकही नव्हता, कारण घालायला जागाच सापडली नाही.

पाकिटात घालायला गेलो आणि थांबलो. पाकीट पोचेल, ती वाचील, तोवर मी इथं सुरक्षित. पुन्हा तेच, वेळेवर न पोचणं. म्हणून गुरुवारी सकाळी फोन लावला.

दिवाळी नसताना फोन आलेला बघून ती घाबरली. "काय झालं?"

"काही नाही. ताई, मी एक लिहिलंय. वाचून दाखवू का? पंधरा मिनिटं लागतील."

"आत्ता? स्वैपाकघरात आहे मी." मग म्हणाली, "वाच."

मी वाचायला लागलो. आवाज दाटू द्यायचा नाही, असं ठरवलं होतं. पिशवी भरली, वाचनालय आलं, पिशवी टेबलाखाली गेली. ताई ऐकताना मध्ये मध्ये "हं" म्हणते, लहानपणापासूनची सवय. एकदाही म्हणाली नाही. घोषणेच्या जागी मला वाटलं, फोन कट झाला. तरी थांबलो नाही. "बसलाय" हा शेवटचा शब्द वाचला आणि कागद खाली ठेवला.

"ताई?"

काही नाही.

"ताई, आहेस ना? ऐकताना मध्येच कुठं ध्यान गेलं का तुझं?"

"दूध ठेवलं होतं रे गॅसवर. समोर उभी आहे मी. सगळं उतू गेलं, गॅस विझला, खाली पायापर्यंत आलंय. मला दिसलंच नाही."

नाक ओढल्याचा आवाज आला. मग गॅसचं बटण फिरवल्याचा.

"तुमची ती दुपारची गाडी अजून आहे ना काचीगुड्याहून?" तिनं विचारलं.

"आहे."

"मग हा ओटा मी असाच ठेवते," ताई म्हणाली. "तू येऊन पूस."